कोणत्या अ‍ॅपला नेट द्यायचं, कोणाचं तोडायचं: फोनप्रमाणे उपाय आणि अडचणी

अंत्रुजकर

टॉर्चच्या अ‍ॅपला नेट कशाला लागतं, हा प्रश्न इथे सारखा विचारला जातो आणि उत्तरं दहा धाग्यांत विखुरलेली आहेत. ती एका जागी यावीत म्हणून हा धागा काढतोय.

आधी मुळातली गोष्ट. कॅमेरा, माइक, लोकेशन यांची परवानगी २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून अ‍ॅप वापरताना विचारली जाते. इंटरनेट त्या यादीत नाही. ती 'साधी' परवानगी धरली आहे. अ‍ॅप बनवणाऱ्याने मागितली की इन्स्टॉल होतानाच ती मिळून जाते. आपल्याला कोणी विचारत नाही आणि नंतर काढून घ्यायचं बटण मूळ अँड्रॉइडमध्ये नाही. अँड्रॉइड १२ पासून जो प्रायव्हसी डॅशबोर्ड आला, त्यातही कोणतं अ‍ॅप नेटवर गेलं ते दिसत नाही. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोन जाहिरातींनी भरून जातात, त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

परवानगी काढता येत नसली तरी पाहता येते. आयकॉन दाबून धरा, अ‍ॅप इन्फो, मग परमिशन्स, वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके, ऑल परमिशन्स. तिथे 'हॅव फुल नेटवर्क अ‍ॅक्सेस' ही ओळ असेल तर ते अ‍ॅप नेटवर जाऊ शकतं. ओळच नसेल तर ते स्वतःहून जाऊ शकत नाही, त्याच्यामागे वेळ घालवू नका.

पिक्सेल आणि मोटोरोलासारख्या साध्या अँड्रॉइडवर अ‍ॅप इन्फोमध्ये 'मोबाइल डेटा अँड वाय-फाय' आहे. तिथलं 'बॅकग्राउंड डेटा' बंद केलं की अ‍ॅप मागे असताना मोबाइल डेटा वापरत नाही. समोर उघडलं की पुन्हा सगळं चालू. वाय-फायला हे लागू होत नाही. 'डेटा सेव्हर' हाच नियम सगळ्या अ‍ॅप्सना एकदम लावतो, आणि ज्यांना सूट हवी त्यांना 'अनरिस्ट्रिक्टेड डेटा' द्यावा लागतो. खरी बंदी यातल्या कशानेच होत नाही.

बाकीच्या कंपन्यांच्या फोनांची माहिती जाणकारांनी भरावी.

डिचोलीवाला

शाओमी, रेडमी, पोको: अ‍ॅप इन्फो उघडा, 'रिस्ट्रिक्ट डेटा युसेज' दाबा. वाय-फाय, सिम १ आणि सिम २ अशा वेगळ्या खुणा येतात. जी काढाल ते दार बंद. सगळी अ‍ॅप्स एका यादीत हवी असतील तर सिक्युरिटी अ‍ॅपमधल्या डेटा युसेजमध्ये तीच सोय आहे, आणि तिथे सिस्टीम अ‍ॅप्सचा वेगळा भाग आहे.

रिअलमी, ओप्पो, वनप्लस: अ‍ॅप इन्फो, डेटा युसेज. तिथे 'डिसेबल मोबाइल डेटा' आणि 'डिसेबल वाय-फाय' अशी दोन बटणं असतात. विवोत आय मॅनेजरमध्ये शोधा. आवृत्ती बदलली की नावं थोडी इकडेतिकडे होतात.

हे फोन असतील तर आधी हेच वापरा, बाहेरचं अ‍ॅप टाकायची घाई करू नका. बंदी फोनच्या आतच असल्याने बॅटरी लागत नाही आणि व्हीपीएनची, म्हणजे फोनचं नेट वेगळ्या वाटेने वळवणाऱ्या सोयीची, जागाही मोकळी राहते (ती एका वेळी एकच चालते). फक्त ड्युअल अ‍ॅपने केलेली दुसरी प्रत असेल, म्हणजे दोन नंबरांसाठी दोन व्हॉट्सअ‍ॅप, तर ती प्रत वेगळी धरली जाते. तिची खूण वेगळी काढा.

सत्तरीची_सून

आमच्याकडे सॅमसंग आहे आणि त्यात ही बटणं नाहीत. 'अलाव बॅकग्राउंड डेटा युसेज' बंद केलं, पण पत्त्यांचा खेळ उघडला की जाहिरातीचा व्हिडिओ सुरू होतोच. वाळपईच्या पुढे नेटवर्क आधीच अशक्त, त्यात रोजचा दीड जीबी दुपारीच संपतो. फोन सासऱ्यांचा आहे, तेव्हा रूट, म्हणजे सिस्टीमचं कुलूप तोडणं, वगैरे नको. नेमकं काय करावं?

मांडवीतीर

सॅमसंगवर नेटगार्ड हे फायरवॉल अ‍ॅप, म्हणजे अ‍ॅपनिहाय नेट अडवणारं अ‍ॅप, टाका. मुक्त स्रोताचं आहे, रूट लागत नाही. आधी त्याचं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढच्या अडचणी आपोआप कळतील.

अँड्रॉइडने २०११ मध्ये आवृत्ती ४ पासून अ‍ॅप्सना व्हीपीएन उभारायची मुभा दिली. नेटगार्ड ती वापरून फोनच्या आतच एक व्हीपीएन उभारतं. बाहेरच्या कुठल्याही सर्व्हरकडे काही जात नाही. ज्या अ‍ॅपवर बंदी, त्याचं ट्रॅफिक त्या वाटेवर वळवलं जातं आणि तिथेच टाकून दिलं जातं. बाकीची अ‍ॅप्स नेहमीच्या रस्त्याने जातात, त्यामुळे वेगावर परिणाम जाणवत नाही. वर किल्लीचं चिन्ह दिसेल, त्याने घाबरू नका. सासऱ्यांनाही ते चिन्ह काय आहे ते सांगून ठेवा, नाहीतर 'व्हीपीएन चालू आहे' म्हणून कोणीतरी ते बंद करून देईल.

क्रम असा ठेवा. इन्स्टॉल करा, वरचं मुख्य बटण चालू करा, व्हीपीएनची विनंती मान्य करा. मग लगेच बॅटरीकडे जा: सेटिंग्ज, अ‍ॅप्स, नेटगार्ड, बॅटरी, 'अनरिस्ट्रिक्टेड'. ही पायरी बहुतेक जण गाळतात. काही तासांनी फोन नेटगार्डला झोपवतो, बंदी उठते आणि लोक म्हणतात अ‍ॅप कुचकामी आहे. त्यानंतर फोनच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये नेटगार्डसमोर 'ऑलवेज-ऑन' चालू करा, म्हणजे फोन रीस्टार्ट झाल्यावर ते आपणहून उभं राहील.

त्याच पानावर खाली 'ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन' असं बटण आहे. ते चालू करू नका. नेटगार्ड फक्त बंदी घातलेली अ‍ॅप्स व्हीपीएनमध्ये घेतं. परवानगी असलेली अ‍ॅप्स बाहेरच असतात. हे बटण चालू केलं की व्हीपीएनबाहेरचं सगळं तुटतं, म्हणजे नेमकी चालू राहायला हवी होती तीच अ‍ॅप्स बंद पडतात.

आता यादी. प्रत्येक अ‍ॅपसमोर वाय-फाय आणि मोबाइल अशी दोन चिन्हं आहेत, दाबली की रंग बदलून बंदी लागते. खेळ, गॅलरी, फाइल मॅनेजर, वॉलपेपर, कॅल्क्युलेटर यांची दोन्ही बंद करा. यूट्यूब, फोटोंचा बॅकअप आणि प्ले स्टोअर यांचं फक्त मोबाइल बंद करा, वाय-फाय चालू ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट गेली की राउटर बंद पडतो आणि फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. अर्धवट राहिलेलं अपडेट किंवा चाललेला व्हिडिओ तिथेच पुढे सुरू राहतो. दीड जीबी दुपारीच संपण्यामागे हे कारण असण्याची दाट शक्यता आहे.

सिस्टीम अ‍ॅप्सना हात लावायची सोय 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये आहे आणि मुळात बंद असते. सासऱ्यांच्या फोनवर ती बंदच असू द्या.

सत्तरीची_सून

देव बरें करूं! जाहिराती थांबल्या. दोन शंका राहिल्या. बंदी घातलेल्या एका अ‍ॅपचं नोटिफिकेशन अजून येतं. आणि बँकेचं अ‍ॅप आता 'व्हीपीएन बंद करा' म्हणून उघडतच नाही, वास्तविक त्याला मी बंदी घातलेली नाही.

काणकोणकर

नोटिफिकेशनचं मी सांगतो, कारण यातच या सगळ्या पद्धतीची मर्यादा आहे.

अँड्रॉइडवर बहुतेक अ‍ॅप्सची नोटिफिकेशनं गुगल प्ले सर्व्हिसेसच्या (गुगलचं मागे चालणारं सिस्टीम अ‍ॅप) एकाच जोडणीवरून येतात आणि फोनमध्ये पोचल्यावर त्या त्या अ‍ॅपकडे सोपवली जातात. तुम्ही अ‍ॅपचं नेट तोडलंत, प्ले सर्व्हिसेसचं नाही. म्हणून निरोप येतो, पण उघडायला गेलात तर आत काही लोड होत नाही. निरोपही नको असेल तर फोनच्या नोटिफिकेशन सेटिंगमधून बंद करा. प्ले सर्व्हिसेसवर मात्र बंदी घालू नका. नोटिफिकेशनं सगळ्याच अ‍ॅप्सची अडकतात, आणि प्ले सर्व्हिसेस व गुगल सर्व्हिसेस फ्रेमवर्क यांची ओळख फोनमध्ये एकच असल्याने दोन्ही एकदम तुटतात.

ही ओळख म्हणजे फोनने अ‍ॅपला दिलेला आतला क्रमांक, आणि फायरवॉल अ‍ॅपला ओळखते ती त्यावरूनच. दुसऱ्याच्या क्रमांकावरून काम झालं तर तिला दिसत नाही. अशा आणखी वाटा आहेत. अ‍ॅपने फाइल उतरवायचं काम फोनच्या डाउनलोड मॅनेजरकडे दिलं, तर ते ट्रॅफिक अ‍ॅपच्या नावावर धरलं जात नाही. अ‍ॅपमधली लिंक ब्राउझरच्या पानात उघडली, तर ते ब्राउझरचं ट्रॅफिक. उलट अ‍ॅपच्या आतच बसवलेलं वेबव्ह्यू, म्हणजे अ‍ॅपमध्येच वेबपान दाखवणारी खिडकी, असेल तर त्याचं ट्रॅफिक अ‍ॅपच्याच खात्यात जातं, ते अडतं. डेटा वाचवायला आणि जाहिराती थांबवायला ही पद्धत उत्तम आहे. एखादं अ‍ॅप माहिती चोरतंय असा खराच संशय असेल तर ते काढून टाका, फायरवॉलच्या भरवशावर ठेवू नका.

आणखी एक. व्हीपीएन त्या त्या प्रोफाइलपुरतं असतं. ऑफिसचं वर्क प्रोफाइल किंवा क्लोन केलेली अ‍ॅप्स वेगळ्या प्रोफाइलमध्ये बसतात, आणि मुख्य प्रोफाइलमधलं नेटगार्ड त्यांना अडवत नाही.

मांडवीतीर

बँकेच्या अ‍ॅपचं: काही बँकांची अ‍ॅप्स व्हीपीएन चालू आहे का ते तपासतात. ते व्हीपीएन फोनच्या आतलं आहे की परदेशातलं, हा फरक त्यांना कळत नाही. नेटगार्डमध्ये त्या अ‍ॅपची ओळ उघडा आणि 'अप्लाय रूल्स अँड कंडिशन्स' ची खूण काढा, म्हणजे ते अ‍ॅप पूर्ण बाहेर राहील. बऱ्याच अ‍ॅप्सना एवढं पुरतं. काही अ‍ॅप्स फोनमधल्या सगळ्या जोडण्या मोजतात, त्यांना हे चालत नाही. तिथे पैसे पाठवेपर्यंत नेटगार्ड बंद करणं एवढाच उपाय. वरून खाली ओढल्यावर येणाऱ्या चौकटींत नेटगार्डची चौकट टाकून ठेवा, एका दाबात बंद-चालू होतं. यूपीआय अ‍ॅप पहिल्यांदा जोडताना सिमवरून एसएमएस जातो आणि लगेच नेटवरून पडताळणी होते. ती जोडणी करतानाही फायरवॉल बंद ठेवलेली बरी, मध्येच अडकली तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

पेडणेची_पाखरं

रीथिंक हे दुसरं फायरवॉल अ‍ॅप वापरून पाहिलंय का कोणी? नेटगार्डपेक्षा त्यात बारकावे जास्त आहेत.

काणकोणकर

हो, ज्यांना नोंदी वाचायची आवड आहे त्यांना मी रीथिंकच सुचवतो. कोणतं अ‍ॅप कोणत्या पत्त्यावर गेलं ते ओळीने दिसतं. सगळ्या अ‍ॅप्सना लागू होणारे नियमही आहेत: स्क्रीन लॉक असताना सगळं बंद, नवीन इन्स्टॉल झालेलं अ‍ॅप आपोआप बंद, मोजणीच्या (मीटर्ड) जोडणीवर, जशी मोबाइल डेटाची, सगळं बंद. यातला 'नवीन अ‍ॅप बंद' हा नियम मुलांच्या फोनवर फार उपयोगी पडतो. खेळ टाकला तरी परवानगी दिल्याशिवाय तो नेटवर जात नाही.

'वापरात नसलेली अ‍ॅप्स बंद' या नियमाला अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी लागते. ती चालू असली की काही बँकांची अ‍ॅप्स अडून बसतात, म्हणून यूपीआयच्या फोनवर तो नियम टाळा.

रीथिंकमध्ये 'बायपास' आणि 'एक्सक्लूड' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि इथे गल्लत फार होते. बायपास केलेलं अ‍ॅप रीथिंकमधूनच जातं, त्याला नियम लागत नाहीत इतकंच. एक्सक्लूड केलेलं अ‍ॅप रीथिंकच्या पूर्ण बाहेर जातं. बँकेसाठी एक्सक्लूड हवं.

नेटगार्ड आणि रीथिंक एकदम चालवता येत नाहीत, अँड्रॉइड एका वेळी एकच व्हीपीएन चालू देतं. ऑफिसचं व्हीपीएन लागत असेल तर ते लागलं की फायरवॉल पडते. ऑफिसचं व्हीपीएन वायरगार्ड प्रकारचं असेल तर ते रीथिंकच्या आतच जोडता येतं.

तारवटी_वास्को

जहाजावर जाणाऱ्यांसाठी वेगळं लिहितो. घरोघरी कोणी ना कोणी तारवावर आहे आणि हा त्रास सगळ्यांना होतो.

बऱ्याच जहाजांवर वाय-फाय कार्डावर एमबी मोजून मिळतं. फोनला मात्र वाय-फाय म्हणजे फुकट असंच वाटतं. त्यामुळे जोडल्याक्षणी फोटोंचा बॅकअप, प्ले स्टोअरची अपडेटं आणि व्हॉट्सअ‍ॅपचा चॅट बॅकअप तिन्ही सुटतात आणि घरी फोन लावायच्या आत कार्ड संपतं. पहिलं काम, जोडलेल्या वाय-फायच्या दातेरी चाकावर दाबून नेटवर्क युसेजमध्ये 'ट्रीट अ‍ॅज मीटर्ड' निवडा. सॅमसंगवर हे 'व्ह्यू मोअर'च्या आत 'मीटर्ड नेटवर्क' नावाने आहे. आता फोन या वाय-फायला मोबाइल डेटासारखं मोजून वागवतो. मग डेटा सेव्हर चालू करा आणि सूट फक्त व्हॉट्सअ‍ॅपला द्या.

पुढची कामं किनाऱ्यावर असतानाच करा. प्ले स्टोअरच्या नेटवर्क प्रेफरन्सेसमध्ये अ‍ॅप्स आपोआप अपडेट होणं बंद. फोटोंचा बॅकअप बंद. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चॅट बॅकअप आपोआप होणं बंद, आणि स्टोरेज अँड डेटामध्ये 'व्हेन कनेक्टेड ऑन वाय-फाय' मधल्या चारही खुणा काढा. मोबाइल डेटाच्या खुणा सगळे काढतात, वाय-फायच्या राहून जातात. त्याच पानावर 'युज लेस डेटा फॉर कॉल्स' चालू करा.

आयफोनवर वाय-फायसमोरचं 'आय' दाबून 'लो डेटा मोड' चालू करा. आपोआप होणारी अपडेटं, बॅकअप आणि आयक्लाउड फोटो थांबतात.

प्रायव्हेट डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरची सेटिंग) कोणाचं नाव भरलं असेल तर ते 'ऑटोमॅटिक' करून ठेवा. त्याला ८५३ हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं त्या क्रमांकाचं दार, लागतं. जहाज, हॉटेल, विमानतळ अशा ठिकाणी ते अडवलेलं असलं की जोडणी लागूनही 'प्रायव्हेट डीएनएस सर्व्हर कॅनॉट बी अ‍ॅक्सेस्ड' एवढंच येतं. लोक समजतात कार्डच खराब आहे.

आणि भर समुद्रात एअरप्लेन मोड चालू ठेवून वाय-फाय वेगळं चालू करा. जहाजाचा स्वतःचा मोबाइल टॉवर असेल तर फोन त्याला जाऊन चिकटतो, आणि ते रोमिंग फार महागात पडतं.

साखळीची_बाई

आयफोनवर अ‍ॅपचं नेट पूर्ण तोडता येतं का? आणि कीबोर्डचं काय करायचं? मराठी टाइप करायला तो लागतोच, पण टाइप केलेलं सगळं त्याच्यातून जातं.

अंत्रुजकर

आयफोनवर सेटिंग्ज, मोबाइल डेटा, खाली सरकत गेलात की प्रत्येक अ‍ॅपसमोर बटण आहे. मोबाइल डेटा यानेच पूर्ण तुटतो. आपल्याकडच्या आयफोनवर वाय-फायसाठी अ‍ॅपनिहाय बटण नाही. अगदी तळाशी 'वाय-फाय असिस्ट' आहे, तेही बंद करा. वाय-फाय अशक्त झालं की ते न विचारता मोबाइल डेटावर नेतं. कोणतं अ‍ॅप कुठे जातं ते पाहायला प्रायव्हसीमध्ये 'अ‍ॅप प्रायव्हसी रिपोर्ट' आहे, आयओएस १५.२ पासून. अँड्रॉइडने ही सोय मूळ सेटिंग्जमध्ये द्यायला हवी.

कीबोर्डचे दोन मार्ग. गुगलचा जीबोर्डच ठेवायचा असेल तर आधी मराठी भाषा जोडून तिचा शब्दसाठा उतरू द्या, मग नेट तोडा. टायपिंग आणि शब्दसूचना चालतात, जिफ आणि स्टिकरचा शोध बंद पडतो, बोलून लिहिणंही अडू शकतं. दुसरा मार्ग मला जास्त पटतो: ज्याच्याकडे नेटची परवानगीच नाही असा कीबोर्ड घ्यायचा. हेलीबोर्ड तसा आहे, देवनागरी त्यात आहे. गॅलरी, कॅलेंडर, फाइल मॅनेजर यांसाठी फॉसिफायची अ‍ॅप्स बघा. अशा अ‍ॅपला फायरवॉल लागत नाही, व्हीपीएन पडलं म्हणून बंदी उठली असंही होत नाही.

पेडणेची_पाखरं

ज्यांना व्हीपीएनची भानगडच नको त्यांच्यासाठी थोडक्यात: रूट केलेल्या फोनवर एएफवॉल प्लस हे अ‍ॅप थेट कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, पातळीवर अडवतं. लिनिएजओएस आणि ग्राफीनओएस या फोनवर कंपनीच्या सिस्टीमऐवजी टाकायच्या अँड्रॉइडच्या आवृत्त्या. लिनिएजओएसमध्ये अ‍ॅप इन्फोतच नेट तोडायचं बटण आहे. ग्राफीनओएसमध्ये 'नेटवर्क' ही कॅमेऱ्यासारखी वेगळी परवानगी आहे, आणि ती काढली की अ‍ॅपला नेट गेलंय असंच भासतं, त्यामुळे ते सहसा कोसळत नाही. पण ग्राफीन फक्त पिक्सेलवर चालतं आणि या तिन्ही प्रकारांत बँकांची काही अ‍ॅप्स नकार देतात. रोजच्या यूपीआयच्या फोनवर करू नका, जुना फोन असेल तर जरूर करा.

कळंगुट_होमस्टे

आमच्याकडे वाय-फाय गेलं की रिसेप्शनच्या फोनचा हॉटस्पॉट पाहुण्यांना द्यावा लागतो. फोनवर नेटगार्ड आहे. त्याने पाहुण्यांच्या लॅपटॉपची अपडेटं अडतील का?

काणकोणकर

नाही अडणार. हॉटस्पॉटचं ट्रॅफिक अँड्रॉइडमध्ये फोनवरच्या व्हीपीएनमधून जात नाही, ते सरळ मोबाइल नेटवर्कवर जातं. नेटगार्डला ते दिसतही नाही. विंडोज लॅपटॉप असेल तर पाहुण्याला वाय-फायच्या गुणधर्मांत 'मीटर्ड कनेक्शन' चालू करायला सांगा, बहुतेक अपडेटं थांबतात. तुमच्या बाजूने हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये डेटाची मर्यादा आहे का ते बघा. शाओमीसारख्या काही फोनांत एकवेळची मर्यादा घालता येते, ती संपली की हॉटस्पॉट बंद होतो. पाहुण्यांसाठी वेगळं सिम आणि छोटं डोंगल ठेवलंत तर रिसेप्शनच्या फोनचा यूपीआय तरी डेटा संपून अडणार नाही.

सत्तरीची_सून

शेवटचं एक: फोन बदलला तर हे सगळं पुन्हा करायचं का?

मांडवीतीर

नेटगार्डच्या सेटिंग्जमध्ये 'बॅकअप' आहे, तिथून 'एक्स्पोर्ट' केलं की सगळे नियम एका फाइलमध्ये येतात. ती नव्या फोनवर न्या आणि 'इम्पोर्ट' करा. आधी सगळी अ‍ॅप्स इन्स्टॉल होऊ द्या आणि मगच इम्पोर्ट करा, म्हणजे प्रत्येक नियमाला त्याचं अ‍ॅप सापडेल. बॅटरीची सूट आणि 'ऑलवेज-ऑन' या फोनच्या सेटिंग आहेत, त्या फाइलमध्ये येत नाहीत. त्या नव्या फोनवर हाताने कराव्या लागतील. झाल्यावर फोन एकदा रीस्टार्ट करून तो पत्त्यांचा खेळ उघडून बघा. जाहिरात आली तर बॅटरीच्या सेटिंगपासून पुन्हा तपासा.